मेनू मिटत नाही: आयफ्रेममध्ये अडकणाऱ्या क्लिकचं प्रकरण

लेख लिहून प्रसिद्ध करण्यासाठी वापरलं जाणारं एक पान. वरच्या पट्टीत ‘पर्याय’ नावाचं बटण आहे, ते दाबलं की खाली मेनू उघडतो. पट्टीखाली तीन आयफ्रेम, म्हणजे पानाच्या आत बसवलेली वेगळी पानं, आहेत. डावीकडे मजकूर लिहिण्याचा एडिटर, उजवीकडे लेख वाचकाला कसा दिसेल त्याचं प्रिव्ह्यू आणि प्रिव्ह्यूखाली लेखासोबत जाणारा यूट्यूबचा व्हिडिओ. एडिटर आणि प्रिव्ह्यू यांच्यामध्ये ओढून सरकवता येणारी उभी दुभाजक पट्टी आहे.

तक्रारी तीन. मेनू उघडा असताना पानाच्या मोकळ्या जागेत क्लिक केलं तर तो मिटतो, पण एडिटरमध्ये, प्रिव्ह्यूत किंवा व्हिडिओवर क्लिक केलं तर तसाच लोंबकळत राहतो. दुभाजक ओढताना माउस जरा वेगाने हलवला की पट्टी मागेच राहते, आणि बोट उचलल्यावरही नंतर माउसला चिकटून फिरू लागते. तिसरी तक्रार उजव्या क्लिकची: एडिटरमध्ये उजवं क्लिक केलं की पानाचा स्वतःचा छोटा मेनू यायला हवा, तो येतो, पण क्लिकच्या जागी नाही. वर, डावीकडे, पट्टीच्या खाली अर्धवट दडलेला.

मेनू मिटवण्याचा मूळ कोड सगळीकडे असतो तसाच आहे. डॉक्युमेंटवर ‘क्लिक’चा एक लिसनर, म्हणजे क्लिक झालं की चालणारं फंक्शन. इव्हेंटचं टार्गेट, म्हणजे ज्यावर क्लिक झालं तो घटक, मेनूच्या आत आहे का हे ‘कंटेन्स’ने विचारायचं, नसेल तर मेनू बंद. फ्रेम नसलेल्या पानावर यात काहीच चूक नाही.

क्लिक कुठे थांबतं

इव्हेंट ज्या घटकावर घडतो तिथून तो आईबापांकडे वर चढत जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. चढण संपते कुठे, हे मात्र फारसं कुणी तपासत नाही. घटक, त्याचा पालक, पुढे बॉडी, एचटीएमएल, डॉक्युमेंट आणि शेवटी त्या डॉक्युमेंटची विंडो. बस. आयफ्रेममधल्या डॉक्युमेंटला त्याची स्वतःची विंडो असते, आणि इव्हेंट त्या विंडोपाशी संपतो. तिथून उडी मारून बाहेरच्या पानातल्या आयफ्रेम टॅगवर तो येत नाही. बाहेरच्या पानाच्या दृष्टीने आयफ्रेम म्हणजे भिंतीतली खिडकी: काच कुठे आहे ते दिसतं, काचेपलीकडे कुणी टकटक केली तर ऐकू येत नाही.

शॅडो डॉमची, म्हणजे घटकांच्या झाडाचा एक भाग यजमान घटकाआड झाकून ठेवण्याच्या सोयीची, सवय असलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. शॅडो डॉममधलं क्लिक बाहेर येतं, फक्त त्याचं टार्गेट बदलून यजमान घटकाचं नाव लागतं. आयफ्रेममध्ये तसं काही होत नाही, कारण तो झाडाचा झाकलेला भाग नसून वेगळं झाडच आहे. म्हणून आयफ्रेम टॅगवर ‘क्लिक’चा लिसनर लावणं हा पहिला आणि सर्वांत निरुपयोगी प्रयत्न ठरतो. फार तर फ्रेमच्या बॉर्डरवर क्लिक केल्यावर तो चालतो आणि ‘कधी कधी चालतं’ असा नवाच घोळ तयार होतो.

एक गोष्ट मात्र बाहेर कळते. माउस फ्रेमच्या हद्दीत शिरला की आयफ्रेम टॅगवर ‘माउसएंटर’ येतो, बाहेर पडला की ‘माउसलीव्ह’. मधली हालचाल नाही, क्लिकही नाही. याचा उपयोग पुढे होणार आहे.

हे कोडे जुनं आहे. फ्रेम आल्या नेटस्केप नॅव्हिगेटर २.० बरोबर. १९९७ च्या नेटस्केप ४ मध्ये विंडोने इव्हेंट पकडून ठेवायची सोय होती, आणि वेगळ्या सर्व्हरवरून आलेल्या फ्रेममधले इव्हेंटही पकडता यावेत म्हणून ‘एनेबलएक्स्टर्नलकॅप्चर’ नावाची पद्धत होती. ती वापरायला सही केलेली स्क्रिप्ट आणि विशेष परवानगी लागायची. परक्या पानातलं क्लिक ऐकणं म्हणजे हेरगिरी, हे तेव्हाही समजलेलं होतं. ती सोय केव्हाच गेली, काळजी मात्र राहिली आणि आजचे सगळे नियम तिच्याभोवतीच उभे आहेत.

निदान: तीन फ्रेम, तीन जाती

कोडला हात लावण्याआधी प्रत्येक फ्रेमचं ओरिजिन पाहायचं. ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट हे तिन्ही. एकही वेगळं असलं तर ओरिजिन वेगळं. क्रोमच्या कन्सोलमध्ये वर ‘टॉप’ असं लिहिलेली छोटी यादी असते, तिच्यातून हवी ती फ्रेम निवडून तिथे ‘लोकेशन.ओरिजिन’ लिहिलं की उत्तर मिळतं. त्याच फ्रेममध्ये राहून ‘मॉनिटरइव्हेंट्स’ला विंडो आणि ‘क्लिक’ दिलं की क्लिक तिथे उमटताना दिसतं, आणि ‘टॉप’वर परत येऊन तेच केलं की दिसत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्यावर ‘कुठेतरी स्टॉपप्रोपगेशन (इव्हेंटला पुढे जाण्यापासून थांबवणारी सूचना) असेल’ या संशयात जाणारा अर्धा दिवस वाचतो.

या पानावर निघालं ते असं. एडिटरची फ्रेम मूळ पानाच्याच ओरिजिनची. तिचा ‘कंटेंटडॉक्युमेंट’, म्हणजे आतलं डॉक्युमेंट, सरळ मिळतो. प्रिव्ह्यू वेगळ्या उपडोमेनवर. तिचा ‘कंटेंटडॉक्युमेंट’ नल, म्हणजे रिकामा, येतो आणि ‘कंटेंटविंडो’मधून डॉक्युमेंट मागितलं तर सिक्युरिटीएरर. पण त्या उपडोमेनवरचा कोड आपल्याच हातात आहे. तिसरी यूट्यूबची. ओरिजिनही परकं आणि कोडही.

उपडोमेन वेगळं असलं तरी ‘डॉक्युमेंट.डोमेन’ दोन्हीकडे सारखं करून भिंत पाडायची एक जुनी क्लृप्ती आहे. तिच्या वाटेला जाऊ नये. क्रोममध्ये ती आता मुळातच बंद असते, आणि जिथे चालते तिथेही एका मेनूसाठी संपूर्ण सुरक्षा सैल करणं हा घुशीसाठी घर पाडण्यासारखा प्रकार आहे.

दुहेरी क्लिक करून डिस्कवरूनच उघडलेल्या पानावर हे सगळं तपासू नये, हेही इथेच सांगायला हवं. क्रोम अशा प्रत्येक फाइलला स्वतंत्र, अपारदर्शक ओरिजिन मानतो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन फाइलीही एकमेकींना परक्या होतात. छोटा स्थानिक सर्व्हर चालवूनच बघायचं.

एडिटर: लिसनर आत लावायचा, पण कधी?

आपल्याच ओरिजिनच्या फ्रेममध्ये उपाय सरळ दिसतो. ‘कंटेंटविंडो’वर लिसनर लावायचा, आत क्लिक झालं की मेनू बंद. बारकावे तीन आहेत आणि तिन्ही चावतात.

पहिला वेळेचा. आयफ्रेम टॅग पानात आल्या क्षणी तिच्यात ‘अबाउट:ब्लँक’चं तात्पुरतं डॉक्युमेंट असतं. त्याचं ‘रेडीस्टेट’सुद्धा ‘कम्प्लीट’ असतं! म्हणून फक्त ‘कम्प्लीट’ बघून लिसनर लावला तर तो त्या रिकाम्या डॉक्युमेंटला लागतो आणि खरं पान आल्यावर त्याच्याबरोबर नाहीसा होतो. ‘कम्प्लीट’ आहे आणि पत्ता ‘अबाउट:ब्लँक’ नाही, अशी दुहेरी अट लागते. अट पुरी नसेल तर टॅगच्या ‘लोड’ची वाट पाहायची. आणि ‘लोड’चा लिसनर एकदाच चालेल असा ठेवायचा नाही, कारण फ्रेममध्ये दुसरं पान आलं की नवं डॉक्युमेंट येतं आणि जुने लिसनर जातात. फ्रेमचा टॅग डॉममध्ये ‘अपेंडचाइल्ड’ने एका जागेवरून दुसरीकडे हलवला तरी ती नव्याने लोड होते. टॅबची अदलाबदल करणाऱ्या पानांवर ‘सकाळी चालत होतं’ छापाच्या तक्रारी बहुतेक इथूनच येतात.

दुसरा बारकावा एडिटरचा खास आहे. काही एडिटर फ्रेममध्ये मजकूर भरायला ‘डॉक्युमेंट.ओपन’ आणि ‘राइट’ वापरतात. ‘ओपन’ झालं की त्या डॉक्युमेंटवरचे, त्यातल्या घटकांवरचे आणि त्याच्या विंडोवरचेही सगळे लिसनर पुसले जातात. विंडो तीच राहते, डॉक्युमेंट तेच राहतं, लिसनर मात्र गायब. तपासताना हे भुताटकीसारखं वाटतं: लावल्याचा लॉग दिसतो, काढल्याचा कुठेच नाही. एडिटर स्वतःचा ‘तयार आहे’ असा इव्हेंट देत असेल, आणि बहुतेक देतात, तर त्यानंतरच लिसनर लावावा.

तिसरा बारकावा कुठल्या टप्प्यावर ऐकायचं याचा. एडिटर स्वतः अनेक ठिकाणी ‘स्टॉपप्रोपगेशन’ करतो, चित्रावर क्लिक केलं की हमखास. तेव्हा लिसनर फ्रेमच्या विंडोवर आणि कॅप्चर टप्प्यात, म्हणजे चढण सुरू होण्याआधी इव्हेंट विंडोकडून घटकाकडे उतरत असताना, हवा. विंडो हा वाटेवरचा सर्वांत वरचा थांबा, कॅप्चरमध्ये सर्वांत आधी तिथेच यायला लागतं. इव्हेंटही ‘क्लिक’ नको, ‘पॉइंटरडाउन’ हवा. मेनू दाबताक्षणी मिटावा ही अपेक्षा असते, सोडताक्षणी नव्हे, आणि ‘क्लिक’ फक्त मुख्य बटणाचं येतं, उजव्या बटणाने मेनू मिटणार नाही.

पण ‘पॉइंटरडाउन’वर आलं की ‘पर्याय’ बटणाचं एक लचांड मागे लागतं. मेनू उघडा असताना तेच बटण परत दाबलं तर ‘पॉइंटरडाउन’ला मेनू मिटतो आणि मागोमाग आलेल्या ‘क्लिक’ला पुन्हा उघडतो. वापरणाऱ्याला वाटतं बटण बिघडलं. म्हणून ‘बाहेर’ म्हणजे मेनूच्या आणि त्याच्या बटणाच्याही बाहेर, अशी व्याख्या कोडमध्ये लिहावी लागते.

इथे एक चूक इतकी सामान्य आहे की तिला वेगळा परिच्छेद द्यायला हवा. मूळ पानावरचं हँडलर फंक्शन जसंच्या तसं फ्रेमला लावलं आणि त्यात ‘इव्हेंट.टार्गेट इन्स्टन्सऑफ एलिमेंट’ अशी तपासणी असेल, तर उत्तर कायम ‘फॉल्स’. प्रत्येक फ्रेमची स्वतःची ग्लोबल वस्तूंची जत्रा असते. फ्रेममधला परिच्छेद हा फ्रेमच्या ‘एलिमेंट’चा असतो, मूळ पानाच्या ‘एलिमेंट’चा नाही. ‘नोडटाइप’ १ आहे का एवढं विचारलं तर दोन्हीकडे चालतं. ‘कंटेन्स’ची तक्रार मात्र नाही: वेगळ्या डॉक्युमेंटमधला नोड मेनूच्या आत नाहीच, त्यामुळे ‘फॉल्स’ हे खरं उत्तर आहे.

लिसनर काढण्यासाठी प्रत्येक ‘लोड’ला नवा ‘अबॉर्टकंट्रोलर’ करून त्याचा सिग्नल ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ला देणं सोयीचं. पुढच्या ‘लोड’ला आधीचा रद्द. जुन्या डॉक्युमेंटचा संदर्भ बाहेरच्या व्हेरिएबलमध्ये ठेवू नये, नाहीतर फ्रेममधलं गेलेलं पान मेमरीत तसंच पडून राहतं. दिवसभर उघड्या राहणाऱ्या पानाला हे परवडत नाही.

प्रिव्ह्यू: निरोप पाठवायचा

दुसऱ्या ओरिजिनच्या फ्रेममध्ये बाहेरून हात घालता येत नाही. आतल्या पानाने स्वतः ऐकायचं आणि ‘पोस्टमेसेज’ने बाहेर निरोप द्यायचा. प्रिव्ह्यूच्या पानात, हेडमध्येच, छोटी स्क्रिप्ट: विंडोवर कॅप्चरमध्ये ‘पॉइंटरडाउन’, आणि तो आला की ‘पॅरेंट’ला एक छोटी वस्तू. तिच्यात प्रकार, ‘क्लायंटएक्स’, ‘क्लायंटवाय’ आणि बटणाचा क्रमांक एवढंच. इव्हेंट किंवा डॉम घटक जसेच्या तसे पाठवता येत नाहीत, त्यांची प्रत होत नसल्याने डेटाक्लोनएरर येतो. हेडमध्ये ठेवण्याचं कारण असं की मोठी चित्रं उतरत असतानाही क्लिक ऐकू येतं. बाहेरून लावलेल्या लिसनरला ‘लोड’पर्यंत थांबावं लागतं, आतल्याला नाही. खरं तर याच कारणासाठी एडिटरच्या फ्रेमलाही, आतला कोड हातात असेल तर, हीच पद्धत बरी.

पाठवताना दुसरा आर्ग्युमेंट म्हणून मूळ पानाचं नेमकं ओरिजिन द्यायचं. शेवटी तिरकी रेघ लागते की नाही याची काळजी नको, तिथे पूर्ण पत्ता दिला तरी ब्राउझर त्यातलं ओरिजिनच घेतो. घेणाऱ्या बाजूला मात्र ‘इव्हेंट.ओरिजिन’ ही साधी स्ट्रिंग असते, शेवटी रेघ नसलेली, आणि तुलना तंतोतंत करायची असते. ‘इंडेक्सऑफ’ किंवा ‘स्टार्ट्सविथ’ने केलेली तपासणी फसते, कारण आपल्या डोमेनचं नाव सुरुवातीला घेऊन पुढे स्वतःचं डोमेन जोडणारा पत्ता कुणालाही घेता येतो. त्याच्या जोडीला ‘इव्हेंट.सोर्स’ हा प्रिव्ह्यूच्या ‘कंटेंटविंडो’शी समान आहे का हेही पाहायचं. मेनू मिटवण्यापुरतं हे अति वाटेल. पण हाच ‘मेसेज’ हँडलर पुढच्या महिन्यात कुणीतरी ‘लेख जतन करा’साठीही वापरतो, आणि तेव्हा तपासणी घालायची कुणाला आठवण होत नाही.

प्रिव्ह्यूला ‘सँडबॉक्स’, म्हणजे फ्रेमच्या अधिकारांवर बंधनं घालणारा अ‍ॅट्रिब्यूट, लावलेला असेल आणि त्यात ‘अलाउ-सेम-ओरिजिन’ नसेल, तर तिचं ओरिजिन अपारदर्शक होतं आणि ‘इव्हेंट.ओरिजिन’मध्ये ‘नल’ ही चार रोमन अक्षरांची स्ट्रिंग येते. खरा नल नव्हे, स्ट्रिंग. अशा वेळी ओरिजिनची तुलना निरर्थक, भरवसा ‘सोर्स’वरच. अशा फ्रेमकडे निरोप पाठवताना ओरिजिनच्या जागी तारांकन, म्हणजे ‘कुणीही चालेल’, देण्याशिवाय पर्याय नसतो, म्हणून त्या निरोपात गुपित काही ठेवू नये. ही अडचण टाळायला आपल्याच ओरिजिनच्या फ्रेमला ‘अलाउ-स्क्रिप्ट्स’ आणि ‘अलाउ-सेम-ओरिजिन’ दोन्ही देऊन टाकणं म्हणजे सँडबॉक्स नसल्यातच जमा. आतली स्क्रिप्ट बाहेरच्या टॅगवरचा सँडबॉक्सच काढून टाकू शकते.

निरोप तत्काळ पोचत नाही, तो रांगेत लागतो. मेनूसाठी हा उशीर जाणवत नाही. एकाच फ्रेमने पाठवलेले निरोप पाठवल्या क्रमानेच येतात, त्यामुळे उजव्या क्लिकला आधी ‘मिटव’ आणि मग ‘नवा मेनू उघड’ असा क्रम बिघडत नाही.

इथे ब्राउझरचा एक उदारपणा सांगण्यासारखा आहे. फ्रेममध्ये क्लिक झालं की इव्हेंट बाहेर येत नाही, पण ‘वापरणाऱ्याने आत्ताच काहीतरी केलं’ ही नोंद बाहेरच्या सगळ्या पालक विंडोंना लागू होते. त्यामुळे प्रिव्ह्यूतल्या क्लिकचा निरोप मिळाल्यावर मूळ पानाने नवी विंडो उघडली तर पॉपअप ब्लॉकर आडवा येत नाही, ती थोड्या वेळात उघडली तर. उलट दिशेला ही नोंद फक्त आपल्याच ओरिजिनच्या आतल्या फ्रेमना मिळते.

यूट्यूब: क्लिक नाही, त्याचा परिणाम

परक्या फ्रेममध्ये क्लिक ऐकायचा कुठलाच सरळ मार्ग नाही, आणि नसावाच. असता तर कुठलंही पान बँकेचं पान फ्रेममध्ये ठेवून कुणी कुठे काय दाबलं ते टिपत बसलं असतं. मग प्रश्न बदलायचा. मेनूला खरं काय जाणून घ्यायचंय? व्हिडिओवर कुठे क्लिक झालं हे त्याला नकोच आहे. ‘माणूस दुसरीकडे गेला’ एवढं पुरतं. आणि ते फोकस, म्हणजे कीबोर्डवर दाबलेली कळ आत्ता कुठल्या घटकाला जाईल ते, सांगतो.

माउस दाबला की आधी ‘पॉइंटरडाउन’, मग ‘माउसडाउन’, त्याचा परिणाम म्हणून फोकस हलतो, आणि सोडल्यावर ‘क्लिक’. फोकस मूळ पानातून फ्रेममध्ये गेला की मूळ विंडोवर ‘ब्लर’ येतो आणि ‘डॉक्युमेंट.अ‍ॅक्टिव्हएलिमेंट’ हा तो आयफ्रेम टॅग होतो. म्हणून मूळ विंडोवर ‘ब्लर’चा लिसनर, आत शून्य मिलिसेकंदाचा ‘सेटटाइमआउट’, आणि त्यात ‘अ‍ॅक्टिव्हएलिमेंट’ आयफ्रेम आहे का ही तपासणी. टाइमआउट लागतो कारण ‘ब्लर’च्या क्षणी काही ब्राउझरांत जुनाच घटक दिसतो.

क्लिक मोजायला ही युक्ती वापरणारे पुष्कळ आहेत, आणि ते आकडे चुकीचेच असतात. फोकस एकदा फ्रेममध्ये गेला की दुसऱ्या क्लिकला ‘ब्लर’ येत नाही. टॅब कळ दाबत फ्रेममध्ये शिरलं तरी ‘ब्लर’ येतो. फ्रेमवर माउस होता का हे ‘माउसएंटर’ आणि ‘माउसलीव्ह’वरून लक्षात ठेवलं तर टॅब कळ वेगळी काढता येते, पण टचस्क्रीनवर घिरट्या घालणारा माउस नसतो. मेनूसाठी मात्र या साऱ्या उणिवा उणिवा राहत नाहीत. टॅबने फ्रेममध्ये गेलेल्यालाही मेनू मिटलेलाच हवा असतो. दुसऱ्या क्लिकला मिटवायला मेनू उघडाच नसतो.

एक अट उरते: मेनू उघडताना फोकस मूळ पानात असायला हवा. आणि इथेच हे प्रकरण पहिल्या दुरुस्तीनंतर पुन्हा उघडलं जातं. वरच्या पट्टीतली बटणं एडिटरमधली निवड सुटू नये म्हणून ‘माउसडाउन’ला ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ करतात, म्हणजे ब्राउझरचं नेहमीचं वागणं रोखतात. त्यामुळे ‘पर्याय’ दाबलं तरी फोकस एडिटरच्या फ्रेममध्येच राहतो. मूळ विंडोला फोकस आलेलाच नाही, मग तो जाणार कुठून? ‘ब्लर’ येत नाही, व्हिडिओवर क्लिक केलं तरी मेनू उघडाच. उपाय साधा आहे: मेनू उघडताच त्यातल्या पहिल्या पर्यायावर ‘फोकस’ न्यायचा. एडिटर वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये असल्याने त्याची निवड त्याच्याकडेच शाबूत राहते, रंग तेवढा फिका दिसतो. शिवाय कीबोर्डने काम करणाऱ्यांना आणि स्क्रीनरीडर वापरणाऱ्यांना हे असंही हवंच होतं.

व्हिडिओ सुरू झाला की थांबला हे हवं असेल तर यूट्यूबच्या प्लेयर एपीआयकडून स्थितीबदल घेता येतो. १ म्हणजे चालू, २ म्हणजे थांबलेला. पत्त्यात ‘एनेबलजेएसएपीआय’ १ द्यावं लागतं. पण हा क्लिकचा पुरावा नव्हे, व्हिडिओ कीबोर्डनेही चालतो.

फ्रेमवर पारदर्शक डिव्ह पसरून क्लिक पकडायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. मेनू उघडा असेपर्यंतच, त्याच्या खाली आणि फ्रेमच्या वर, असा पडदा टाकला तर तिन्ही फ्रेमचा प्रश्न एका फटक्यात सुटतो हे खरं. किंमत अशी की पहिलं क्लिक मेनू मिटवण्यात खर्ची पडतं, व्हिडिओ सुरू करायला दुसरं लागतं. पकडलेलं क्लिक आत ढकलता येत नाही: आयफ्रेम टॅगवर ‘डिस्पॅचइव्हेंट’ केलं तर ते टॅगवरच घडतं. डायलॉगसाठी पडदा योग्य, तिथे ‘शोमोडल’ हेच काम स्वतः करतो आणि मागच्या फ्रेमनाही निष्क्रिय ठेवतो. एडिटरच्या मेनूसाठी मात्र पडदा त्रासदायक. लिहिणारा माणूस शब्दावर क्लिक करतो तेव्हा त्याला कर्सर तिथेच हवा असतो.

दुभाजक

दुभाजक ओढताना माउस फ्रेमवर गेला की हालचालीचे इव्हेंट फ्रेमच्या डॉक्युमेंटला जातात, मूळ पानाला ‘माउसमूव्ह’ मिळणं थांबतं आणि पट्टी मागे राहते. बोट फ्रेमवर असताना उचललं तर ‘माउसअप’ही तिकडेच जातो. मूळ कोडला वाटतं ओढणं चालूच आहे, म्हणून पट्टी चिकटते. जेक्वेरी यूआयमध्ये यासाठी ‘आयफ्रेमफिक्स’ नावाचा पर्यायच होता, तो फ्रेमवर तात्पुरते डिव्ह टाकायचा. दुसरी जुनी वाट म्हणजे ओढताना सगळ्या आयफ्रेमना ‘पॉइंटर-इव्हेंट्स: नन’.

आता पॉइंटर कॅप्चर वापरावं. दुभाजकावर ‘पॉइंटरडाउन’ आला की त्याच घटकावर ‘सेटपॉइंटरकॅप्चर’ला इव्हेंटचा ‘पॉइंटरआयडी’ द्यायचा. त्यानंतर माउस फ्रेमवर जावो की ब्राउझरच्या खिडकीबाहेर, ‘पॉइंटरमूव्ह’ आणि ‘पॉइंटरअप’ दुभाजकालाच येतात. लिसनर डॉक्युमेंटवर न लावता दुभाजकावर लावायचे. ओढणं संपवायचं काम ‘पॉइंटरअप’वर न सोपवता ‘लॉस्टपॉइंटरकॅप्चर’वर सोपवलं तर ‘पॉइंटरकॅन्सल’चाही बंदोबस्त होतो. टचस्क्रीनसाठी दुभाजकाला ‘टच-अ‍ॅक्शन: नन’ हवं, नाहीतर बोट सरकताच ब्राउझर पान स्क्रोल करायला घेतो आणि ओढणं रद्द होतं.

उजव्या क्लिकची जागा

फ्रेममधला ‘क्लायंटएक्स’ फ्रेमच्या दृश्य भागाच्या डाव्या कडेपासून मोजलेला असतो, मूळ पानाच्या नव्हे. या पानावर एडिटरची फ्रेम डावीकडून २४ आणि वरून ९६ पिक्सेलवर आहे, आणि बॉर्डर काढलेली नसल्याने ब्राउझरची मूळची २ पिक्सेलची बॉर्डर आहे. आत १५०, ४० वर क्लिक झालं तर मूळ पानावरची जागा २४ + २ + १५० = १७६ आणि ९६ + २ + ४० = १३८. जुना कोड मेनू १५०, ४० वरच उघडत होता, म्हणजे २६ पिक्सेल डावीकडे आणि ९८ पिक्सेल वर. पट्टीखाली दडण्याचं कारण हेच.

फ्रेमची जागा ‘गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट’ने, बॉर्डर ‘क्लायंटलेफ्ट’ आणि ‘क्लायंटटॉप’ने, पॅडिंग दिलेलं असेल तर तेही मिळवायचं. फ्रेममधलं स्क्रोल वेगळं मिळवायचं नाही, ‘क्लायंटएक्स’मध्ये त्याचा प्रश्न येत नाही. ‘पेजएक्स’ घेतला तर लांब लेखाच्या शेवटी केलेल्या क्लिकला मेनू स्क्रीनच्या कितीतरी खाली जातो. मिळालेली जागा ‘फिक्स्ड’ मेनूला थेट चालते, ‘अ‍ॅब्सोल्यूट’ असेल तर मूळ पानाचं स्क्रोल त्यात घालावं लागतं.

प्रिव्ह्यूत आणखी एक पेच आहे. ती १२८० पिक्सेल रुंद मांडून ‘ट्रान्सफॉर्म’ने निम्मी केलेली आहे, दिसते ६४० ची. आतल्या पानाला याचा पत्ता नाही, ते १२८० च्याच हिशोबात आकडे पाठवतं. मूळ पानाने रेक्टची रुंदी भागिले ‘ऑफसेटविड्थ’, म्हणजे ६४० भागिले १२८०, असा ०.५ गुणक काढायचा. फ्रेम ७००, ९६ वर असेल, बॉर्डर नसेल आणि आत ४००, ३०० वर क्लिक झालं तर ७०० + २०० = ९०० आणि ९६ + १५० = २४६. बॉर्डर असलीच तर तीही गुणकातून जाते. हा हिशोब मूळ पानानेच करायचा, कारण दुसऱ्या ओरिजिनच्या फ्रेमला ‘फ्रेमएलिमेंट’ नल मिळतो. आपण बाहेर कुठे आणि केवढे दिसतोय हे ती विचारूच शकत नाही. फ्रेमच्या आत फ्रेम असेल तर प्रत्येक पायरीला हेच पुन्हा.

तपासताना

कन्सोलमधून घटकाला ‘क्लिक’ करायला लावून केलेली तपासणी इथे दगा देते. त्यातून ‘क्लिक’ इव्हेंट येतो, पण ‘पॉइंटरडाउन’ येत नाही आणि फोकस हलत नाही, त्यामुळे बरोबर असलेला कोडही नापास दिसतो. आपोआप चाचण्या प्लेराइटसारख्या खरा माउस चालवणाऱ्या साधनाने, ‘फ्रेमलोकेटर’ वापरून कराव्यात. हाताने तपासताना डेव्हटूल्समध्ये क्लिक केलं की पानाचा फोकस जातो आणि ‘ब्लर’ येतो. क्रोमच्या रेंडरिंग पॅनलमध्ये पान फोकसमध्ये आहे असं भासवण्याची सोय आहे, ती मात्र ‘ब्लर’ तपासताना बंद ठेवायची.

प्रत्येक फ्रेमसाठी निदान एवढं करून पाहायचं: मेनू उघडून डावं क्लिक, उजवं क्लिक, टॅब कळ, फ्रेममध्ये दुसरं पान आणून पुन्हा तेच, एडिटरमध्ये शब्द निवडून मग ‘पर्याय’ आणि लगेच व्हिडिओवर क्लिक, एडिटरमधल्या चित्रावर क्लिक, फोनवर बोटाने. आयफोनच्या सफारीसाठी वेगळं बघावं, कारण तिथे साध्या डिव्हवर बोट टेकवलं तर ‘क्लिक’ डॉक्युमेंटपर्यंत चढतच नाही, त्या घटकावर ‘कर्सर: पॉइंटर’ किंवा स्वतःचा लिसनर नसेल तर. मेनू आता ‘पॉइंटरडाउन’वर मिटत असल्याने या पानाला त्याचा त्रास होत नाही, पण मूळ पानावर जुना ‘क्लिक’चा लिसनर कुणी तसाच ठेवला असेल तर तो काढून त्याच्याही जागी ‘पॉइंटरडाउन’ टाकायला विसरू नये.